आतून कडी नाही

१२ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाचीला नोकरी लागल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

तुमच्या भावाचं व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. टायरचं गोदाम होतं, रंग दिला तरी रबराचा वास जात नाही. एकीकडे दारू सोडणाऱ्यांच्या खाटा, दुसरीकडे त्यांच्या घरच्यांसाठी खोली. बाथरूमना आतून कडी ठेवलेली नाही, लपून प्यायला नको म्हणून. सुतार म्हणाला, "वहिनी, मग आत बसून काय गाणं म्हणायचं?" आम्ही पोट धरधरून हसलो. हेही हसले होते.

नियम ह्यांनीच केलेत. दाखल होणाऱ्यासोबत घरचं माणूस राहिलंच पाहिजे, आणि ते बायको नको. "बायका पांघरूण घालतात," असं भर बैठकीत म्हणाले. मला भयंकर राग आला. पण खोटं काय होतं त्यात? 'ताप आहे, झोपलेत' असं फोनवर ऐकून ऐकून तर तुम्ही बोलणं सोडलंत.

गुरुवारी उद्घाटन. पाहुणे ठरले, खुर्च्या आल्या.

दारू सुटल्यापासून हे घरच्या बाथरूमलाही कडी लावत नव्हते. गेला आठवडाभर लावतात. नळ मोठा सोडतात. बाहेर आले की तोंडाला पेपरमिंटचा वास येतो, आणि माझ्याकडे बघत नाहीत.

ताई, हे पुन्हा प्यायला लागलेत.

लिहिलं एकदाचं. काल विचारलं, तर म्हणाले, "उद्घाटन होऊ दे गं. लोक काय म्हणतील?" इतकी वर्षं असं मी म्हणत होते.

डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, पुन्हा प्यायले तर लिव्हर साथ देणार नाही. मला फार भीती वाटते. म्हणून आज सकाळी खुर्च्या परत पाठवल्या. सुताराला खरं सांगितलं. तो घरी येऊन आमच्या बाथरूमची कडी काढून गेला. हे बघत उभे होते. अडवलं नाही त्याला.

पहिल्या खाटेवर चादर घातली आहे. सोबत राहायला मी चालत नाही, आणि तुमच्याशिवाय ह्यांना कोणी नाही. राग गेला नसेल तर रागावूनच या.

पत्र सुताराच्याच हाती देते आहे. त्याची गाडी खाली उभी असेल.

तुमची भावजय,
जिने तुम्हाला आजवर एकदाही खरं कळवलं नव्हतं