मेहफिल सोडताना

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची हैदराबादला! अजून गाडीत बसल्यासारखं अंग हलतंय. सरूआत्या स्टेशनवर न्यायला आली होती. तिचं सगळं आयुष्य रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून गेलं, त्यामुळे हमालसुद्धा तिला थांबून जय भीम करतात. गौलीगुड्यात तिच्या दोन खोल्या आहेत. खिडकी उघडली की बसस्टँडवरचा ओरडा थेट स्वयंपाकघरात येतो. मी खिडकी लावायला गेले तर म्हणाली, “नक्को, राहू दे. आवाज नसला की मला परेशानी होते.” जेवायला भाकरी आणि गोंगुऱ्याची चटणी. आपली अंबाडीच ती, पण आत्या आता तिला गोंगुराच म्हणते.

उद्यापासून नोकरी. आईला अजून कळलेलं नाही की ही नोकरी आहे तरी कसली. ‘रणदुर्ग’ हा ऑनलाइन खेळ. त्यात खेळाडू आपापले गट बांधतात, एकत्र किल्ले जिंकतात आणि राखतात. हैदराबादचा ‘मेहफिल’ हा गट त्यातला एक. खेळाडूंनीच उभा केलेला, पण आता इतका मोठा की त्यांना पगारी माणूस लागतो, नवे लोक आणायला आणि जुने टिकवायला. ती मी! अमरदीप उदगीरला पोटभर हसला. धाकट्या भावाला वाटतं बहिणीला खेळायचाच पगार मिळतोय. त्यालाही खरं तर यायचं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सुलतान बाजारहून मेट्रो पकडते आणि सिकंदराबाद वेस्टला उतरते. शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. टेबलं, हेडफोन, आणि आत काचेची एक बंद खोली, ध्वनिमुद्रणासाठी. नमुना म्हणून नव्यांच्या स्वागताची वाक्यं माझ्याकडून रोज तिथं बोलून घेतात.

गटाच्या प्रमुख शिल्पाताई. सगळे त्यांना अक्का म्हणतात. इथल्याच मराठी घरातल्या, चाळिशीच्या आसपास, अगदी हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की चांगला खेळणारा शोधू नकोस, एकटा खेळणारा शोध. आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात छोटंसं काम दे, म्हणजे तो आपला होतो. आणि कुणी सोडून चालला की आधी तो गप्प होतो, तेव्हा कान उघडे ठेव.

खेळताना सगळे हेडफोन लावून एकमेकांशी बोलत असतात, त्या जागेला ‘बैठक’ म्हणतात. संध्याकाळी ती भरते. हिंदी, तेलुगू, दखनी, मधूनच कुणाचं मराठी. मी नुसती ऐकत बसते. खरं म्हणजे बसत नाही, हेडफोनची वायर पुरेल तितकी येरझाऱ्या घालते. अक्का हसतात मला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज फार बरं वाटतंय. वरंगळची स्नेहा, दंतवैद्यकीची विद्यार्थिनी, दोन-चार दिवस बैठकीत हूं की चूं करत नव्हती. मी फोन केला. खेळाबद्दल एक शब्द काढला नाही, परीक्षा कशी गेली तेवढंच विचारलं. ती रडायलाच लागली. संध्याकाळी आली आणि पुन्हा खिदळत होती. अक्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

लगेच दुसरं काम दिलं. विक्रम म्हणून आमचा सगळ्यात भरवशाचा गडी आहे, काचीगुड्याला राहतो. त्याने गट सोडतो म्हणून कळवलंय. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नोकरी आणि घर यातून वेळ नाही. अक्का म्हणाल्या की अडवू नकोस, फक्त ऑफिसात येऊन माइकवर नीट निरोप घे म्हणावं. इथली रीतच आहे तशी.

विक्रम फोनवर नको नको म्हणत होता. आवाज छान आहे त्याचा, भरदार, बोलताबोलता हसणारा. मी म्हटलं, इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर बोललात त्यांना न सांगता जाणार? शेवटी म्हणाला, “बरं बाई, येतो. तुम्ही काही सोडायच्या नाहीत.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विक्रम बुधवारी येऊन गेला. उंच, चष्मेवाला, हातात आईच्या औषधांची पिशवी. काचेच्या खोलीत जाऊन निरोपाचे चार शब्द बोलला. बाहेर आला तेव्हा मी थँक्यू म्हटलं, त्याने नुसती मान हलवली आणि घसा धरून जिना उतरला. मला वाटलं गहिवरून आलं असेल.

आणि गंमत म्हणजे काल संध्याकाळी गडी बैठकीत हजर! आजही. हसतोय, चिडवतोय, नव्या पोरांना डाव शिकवतोय. मी विचारलं, गेला होतात ना? तर म्हणाला, “कुठं जाणार? मी इथंच आहे.” अक्का म्हणाल्या की बघ, निरोप घ्यायला लावलं की माणूस राहतो.

आईला फोन करून सगळं सांगितलं. फुशारकीच मारली म्हण ना.

रविवार, १६ नोव्हेंबर

आल्या आल्या लिहिते. लिहिलं की कदाचित काहीतरी उलगडेल.

गटाचे नवे टी-शर्ट आलेत. विक्रमचा घरी नेऊन द्यावा, आईचीही चौकशी करावी, म्हणून दुपारी काचीगुड्याला गेले. आज सुटी म्हणून सराव दुपारीच होता, तर एका कानात बैठक चालू ठेवून चालत होते. विक्रम त्यात जोरात होता. घरी नेटवर खेळत बसला असेल असं धरूनच मी दार वाजवलं.

त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, दार उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा. मी नाव सांगताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं की माझ्या लेकाला काय झालं ते तुला तरी माहीत आहे का? बुधवारपासून बोलत नाही म्हणाल्या. “एक लफ्ज नाही गं. डॉक्टर म्हणतो घसा बराबर आहे. मला दिसत नव्हतं तेव्हा त्याच्या आवाजावर घरात चालत होते मी.”

तो आत खाटेवर बसला होता. समोर ना फोन, ना कॉम्प्युटर. दोन्ही हात मांडीवर, ओठ मिटलेले. माझ्याकडे बघत होता.

आणि माझ्या कानात तो हसत होता.

मी कानातला इअरफोन काढून त्याच्या कानाला लावला. मला वाटलं कुणीतरी नक्कल करतंय हे त्याला कळेल, चिडेल तो. त्याने ऐकलं. मग तोंड उघडलं, मोठं, ओरडायला उघडतात तसं. नुसता श्वास आला. त्याच वेळी बैठकीत विक्रमने माझं नाव घेतलं, इतकं मोठ्याने की मलाही ऐकू आलं. सगळ्यांदेखत म्हणाला, “गीता, घरी आलीस होय? आईला सांग, मी मजेत आहे.”

सुशीलाबाईंना तेवढं ऐकू गेलं. त्या कानातल्याकडे हात करून म्हणाल्या, हाच, हाच माझ्या विक्रमचा आवाज. दे इकडे.

मी दिला नाही. पळत आले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अक्कांना सरळ विचारलं. वाटलं होतं नाही म्हणतील, मला वेड्यात काढतील. त्या चहा ढवळत राहिल्या. म्हणाल्या, गट बांधून दहा वर्षं झाली, दर महिन्याला माणसं सोडून जायची, रिकाम्या बैठकीत एकटी बसून रडले आहे मी. नोकरी, लग्न, बाळ, आजार, लोकांना जायला कारणं पुष्कळ. मग एकदा काचेच्या खोलीत एकाचा निरोप घेतला आणि तो राहिला. कसा ते त्यांनाही माहीत नाही. ती खोलीच आवाज ठेवून घेते, म्हणाल्या. “जाणाऱ्याला जाऊ दे की. आपल्याला त्याचं हवं तेवढंच ठेवायचं.”

मी विचारलं, बैठकीतले असे किती?

म्हणाल्या, “तुला कोण आवडतं त्यातलं?”

नोकरी सोडते म्हणून सांगितलं. निरोप-बिरोप काही बोलणार नाही, त्या खोलीत पाय ठेवणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तुझा निरोप नाही लागणार, म्हणाल्या. नमुना बघायला म्हणून तू पहिल्या आठवड्यात किती बोलली आहेस आत.

खरं आहे. रोज. स्वागताची सगळी वाक्यं माझ्याच आवाजात आहेत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घसा बसलाय. आत्याने हळदीचं दूध दिलं. घरात एका जागी बसवत नाही, खिडकी ते दार, दार ते खिडकी. आत्या म्हणते, पोरी, फरशी झिजेल.

सकाळी स्नेहाला फोन केला. घोगऱ्या आवाजात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, मेहफिल सोड, आणि सोडताना निरोप देऊ नकोस. ती घाबरली. सोडते म्हणाली.

संध्याकाळी तिचाच मेसेज. “दीदी, केवढं घाबरवलंत! आत्ता बैठकीत तुम्ही सांगितलंत तेव्हा जीव भांड्यात पडला. चांगली मस्करी करता.”

मी आत्ता भाज्या निवडत होते. आत्यासमोर.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आवाज गेला.

सकाळी बुद्धवंदना म्हणायला आत्याजवळ बसले, ओठ हलले, बाकी काही नाही. खोकला येतो, त्याचाही आवाज नाही. आत्याला सगळं लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, दोनदा. खुळी झालीस असं म्हणाली नाही. माझ्या गळ्यावर हात ठेवून बसून राहिली.

मग तिने आईला फोन लावला. आई हसायला लागली. अहो वन्सं, आत्ताच तर बोलले की गीताशी, अर्धा तास! आवाज खणखणीत आहे तिचा. अमरलाही बोलावलंय तिनं, जागा निघालीय म्हणे तिच्या ऑफिसात. तो निघाला पण.

आत्याच्या हातातून फोन—

नंतर

अमरला लिहिलं. येऊ नकोस. परत फीर. फोनवर मी नाही. दहा वेळा लिहिलं.

त्याचं उत्तर: “कोण आहेस तू? ताईनं सांगितलंय तिचा फोन चोरीला गेलाय म्हणून. नव्या नंबरवरून बोलतेय ती माझ्याशी. पोलिसांत देईन.”

आत्या त्याला लावतेय. बिझी. सारखा बिझी. गाडीत बसल्यापासून तो बोलतोय. माझ्याशी.

मेट्रोत

आत्या शेजारी. तिचा गुडघा दुखतोय, तरी आली. स्टेशनवर त्याला गाठायचं होतं, गाडी येऊन गेलेली. डब्यात बसवत नाही मला. दाराशी उभी राहून लिहितेय. लोक बघतात. मुशीराबाद गेलं. गांधी हॉस्पिटल—

लवकर. लवकर.

सगळं आठवतंय त्याचं. लहानपणी बोबडा होता. मला गीता म्हणता यायचं नाही त्याला, तीता म्हणायचा. तो आवाज तरी—

ऑफिसात

अक्कांनी अडवलं नाही. बाजूला झाल्या. तो आत आहे. काचेच्या आत. दार आतून लागलंय. आत्या दार बडवतेय, अमर अमर ओरडतेय. आत काहीच ऐकू जात नाही. त्याची पाठ आहे आमच्याकडे. हेडफोन लावलेत. मान हलवतोय. कुणीतरी सांगतंय आणि तो हो हो म्हणून मान—

काचेवर हात आपटले. वळला. बघितलं त्यानं. बघितलं!

हसला. मग हेडफोनला हात लावला, ऐकलं काहीतरी. आता हसत नाहीये. माझ्याकडे बघतोय, माइककडे बघतोय—

मोठं लिहिते. पान काचेला लावते.

अमर मी गीता

मी खरी इथं आहे कानातली नाही

माझे ओठ बघ

वाचतोय. ओठ हलवून वाचतोय. अमर, मनात वाच. मनात. तो लाल दिवा लागलाय, माइक चालू आहे. हेडफोन काढ. तोंड उघडू नकोस. मला हाकसुद्धा मारू न