मशीनचा आवाज

ताई,

मघाशी फोनवर म्हणालीस, "बाबांचं ऑपरेशन तुझ्याच हॉस्पिटलात करू. तू नर्स आहेस तिथे, मग घोर कसला?" फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले.

आमच्या वॉर्डात पेशंटचा श्वास अडला की मशीन कोकलतं. इनचार्ज सिस्टरचं डोकं उठतं, म्हणून त्या आवाजच बंद करून ठेवतात. मी गुपचूप पुन्हा सुरू करायचे. काल त्यांनी पकडलं. "नोकरी नकोशी झालीय का गं?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी बटणाला हात लावलेला नाही. नुसती खाटांमधून फिरते, एकेकाची छाती हलतेय ना बघत.

हे सगळं तुला सांगायचं होतं गं. पण तोंडातून निघालं, "आण की, मी आहे ना!"

तुझी
भित्री भागूबाई