टॉवरखालचा बहिरा सेट

प्रिय भोंग्या,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीचं पत्र बघून चक्रावला असशील. तोंड आहे, फोन आहे, दोघांच्याही घरात रेडिओ आहेत, मग हिला कागद-पेन कुठून सुचलं, असं म्हणत असशील. कारण सांगते, पण शेवटी. मधली पानं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी लहानपणापासूनची खोड मला माहीत आहे. या खेपेला तसं करू नकोस. आज तुझ्याकडे वेळच वेळ आहे.

मी चिडले आहे. वर्ष होत आलं तरी चिडलेलीच आहे. तुझे भाऊजी म्हणतात, सख्खा भाऊ आहे, जाऊ दे. मी म्हटलं, सख्खा आहे म्हणूनच जाऊ देत नाही, परका असता तर केव्हाच माफ करून विसरले असते.

तो हातात धरायचा वायरलेस सेट तू मला दिलास तो दिवस आठव. तुझ्या दुकानाच्या काउंटरवर खोकं असं ठेवलंस, जणू आत दागिनेच आहेत. मखमल काय, झाकणाला चुंबक काय! रंगीत पडदा, त्यावर नकाशा, पाण्यात पडला तरी चालेल, बोट लावलं की चॅनेल बदलेल. माझा जुना सेट तू दोन बोटांनी उचललास आणि हसलास. कडेला चिकटपट्टी, बटणांवरचे आकडे पुसलेले, पण अंधारातही हाताला कळायचं कुठलं बटण कशाचं. तो तू बदल्यात ठेवून घेतलास. ताई, आपल्या वायरलेस क्लबची संध्याकाळची हजेरी तू घेतेस, तुझ्या हातात असलं भंगार शोभत नाही, असं म्हणालास. मी विरघळले. धाकट्या भावानं कौतुक केलं की मोठी बहीण विरघळते, हे तुला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक आहे.

घरी आणला आणि आठवड्यात माझा जीव मेटाकुटीला आला. उन्हात धरला की पडद्यावर माझंच तोंड दिसायचं. आवाज वाढवायला साधं गोल बटण नाही, मेनूत शिरा, त्या मेनूच्या पोटात आणखी एक मेनू, आणि तिथवर पोचेपर्यंत समोरचा माणूस बोलून मोकळा. बॅटरी सकाळी भरली की दुपारच्या चहाला मान टाकायची. कमरेला अडकवायचा चिमटा पहिल्याच महिन्यात तुटला. हातात असा तापायचा की भाऊजी म्हणाले, थंडीत उपयोगी पडेल. मी तुझ्याकडे आले तर तू म्हणालास, सवय होईल. मीही गप्प बसले. एवढी महागाची वस्तू वाईट निघाली हे कबूल करायला माणसाला लाज वाटते, आपलाच गाढवपणा चव्हाट्यावर येतो ना.

आणि मग ती सायकल शर्यत, जिथे निरोप पोचवायचं काम आपल्या क्लबकडे होतं. तुला वाटत असेल, ताई पुन्हा तेच दळण दळणार. दळणारच. त्या दिवशी तू क्लबच्या खोलीत कंट्रोलच्या खुर्चीत होतास आणि मी टेकडीवर, रेडिओ स्टेशनच्या टॉवरखाली. मागची उतरण माझ्या वाट्याला, मोबाईल तिथे लागत नाही. शर्यतीत उतरलेला आपला बेकरीवाला वळणावरून घसरला तो माझ्या डोळ्यांदेखत. सायकल एकीकडे, तो दुसरीकडे, आणि मांडीचं हाड मोडल्याचं मला लांबूनच कळलं, कारण पाय नको तिकडे वळला होता. मी लगेच बटण दाबलं. कोण, कुठे, काय झालं, काय हवं, सगळं शिकवल्या क्रमानं सांगितलं आणि बटण सोडून उत्तराची वाट पाहिली. आपली पद्धतच ती. बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. सेटमधून हूं नाही की चूं नाही.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा शांतता. मला वाटलं, माझा आवाजच पोचत नाही. बेकरीवाल्याचं डोकं मांडीवर घेऊन मी तोच निरोप पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो दात-ओठ आवळून विव्हळत होता, मी त्याला म्हणत होते, येतील रे, आत्ता येतील. आणि तिकडे तुम्हाला माझा शब्द न् शब्द खणखणीत ऐकू येत होता! ॲम्ब्युलन्स टेकडीच्या पायथ्याशी खोळंबली होती, खालचा रस्ता बघ्यांच्या गाड्यांनी बंद. तू मला विचारत होतास, वरच्या रस्त्याचं फाटक उघडता येईल का. अरे, ते फाटक माझ्या समोर होतं आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात होती! एक शब्द कानावर पडला असता तर धावत जाऊन उघडलं असतं. शेवटी स्ट्रेचर घेऊन माणसं पायी चढून आली तोवर बेकरीवाल्याची शुद्ध हरपली होती. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय इतका आखूड झाला नसता.

आता चौकशीच्या बैठकीकडे येते. मी सांगितलं, सेट बहिरा झाला होता. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण सेट विकणारा तू, क्लबचा सचिव तू, यातलं जास्त कळणाराही तूच. आणि तू काय केलंस? चष्मा काढलास, पुसलास आणि अगदी मायेनं म्हणालास की सेट उत्तम आहे, टॉवरखालीसुद्धा फर्स्टक्लास चालतो, ताईला नवे मेनू जमत नाहीत, आवाज चुकून बंद झाला असेल, वय होतं माणसाचं. मायेनं म्हणालास, तेच मला जास्त झोंबलं. शिव्या दिल्या असत्यास तर परत दिल्या असत्या. अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांनी, मान हलवली आणि हजेरी माझ्याकडून काढून तुझ्याकडे दिली.

भोंग्या, ती हजेरी माझ्यासाठी काय होती हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी आयुष्यभर टेलिफोनच्या बोर्डावर बसले. नोकरी संपली तेव्हा घरातली शांतता अंगावर यायची. रोज संध्याकाळी एकेकाला नावानं साद घालायची, कोण आलं, कोण नाही आलं, कोणाचा आवाज बसलाय, कोण एकटं आहे म्हणून उगाच लांबण लावतंय, हे कानानं टिपायचं, हाच माझा दिवस होता. पोस्टातले आजोबा एकदा नुसतं हजर एवढंच म्हणाले, तेवढ्यावरून मी ओळखलं आणि भाऊजींना त्यांच्या घरी पिटाळलं. न्यूमोनिया निघाला. आता तू घेतोस हजेरी. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते. रेशनच्या रांगेतली नावं वाचावीत तसा तू ती उरकतोस आणि जेवायला पळतोस. वर त्या दिवसाची माझी नक्कल करून लोकांना हसवतोस म्हणे. ताईची पोपटपंची! एक माणूस माझ्या मांडीवर कळवळत होता, आणि तुला त्यात पोपट दिसला.

त्याहून वाईट सांगू? मी बेकरीत गेले की बेकरीवाला आतल्या खोलीत निघून जातो. लंगडत जातो. त्याला वाटतं, सेट बंद करून बसलेल्या बाईपायी आपला पाय गेला. दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा त्याच्या बायकोनं ब्रेड पुढे सरकवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. मी आता लांबच्या दुकानातून ब्रेड आणते. भाऊजी तो निमूटपणे खातात, वातड असला तरी.

रडत बसणाऱ्यातली मी नाही, हे तुला कळायला हवं होतं. मी तो सेट घेऊन पुन्हा टेकडी चढले, त्याच जागी एका दगडावर बसले. खाली भाऊजी आपल्या टेबलावरच्या मोठ्या सेटवरून सारखे बोलत होते. मला काही ऐकू येईना, त्यांना माझं सगळं ऐकू येत होतं. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी टॉवर बंद ठेवतात, ती वेळ मी विचारून घेतली होती. टॉवर बंद झाला मात्र, आणि भाऊजींचा आवाज असा धाडकन कानात आला की मी दचकून उठले. टॉवर सुरू, सेट ठार बहिरा. टॉवर बंद, सेट शहाणा. एवढ्या मोठ्या आवाजाशेजारी तुझं हे मखमलीतलं रत्न बारीक आवाज ऐकूच शकत नाही. जुना सेट तिथे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. पुढच्या आठवड्यात मी दातांच्या डॉक्टरांना धाप लागेस्तोवर टेकडी चढवली आणि त्यांच्याच कानाला सेट लावला. पायथ्याशी आल्यावर त्यांनी माझे हात धरून माफी मागितली; सभेत सांगतो म्हणाले, तर मीच म्हटलं, थोडं थांबा.

तोवर मला वाटत होतं, तुलाही माहीत नसेल. फार तर दुकानाची अब्रू राखायला खोटं बोललास. तेवढं मी गिळलंही असतं. पण मग तुझी बायको माझ्याकडे आली. नणंद-भावजयीचं काय मेतकूट जमणार म्हणून तू निर्धास्त होतास ना? ती माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. तिनं सांगितलं की हाच सेट आधी एका गिऱ्हाइकानं परत आणून आपटला होता, टॉवरजवळ बहिरा होतो म्हणून. तू तो पुसून-पासून नव्या खोक्यात घातलास, आणि ती म्हणाली, निदान ताईंना तरी देऊ नका, तर तू म्हणालास, ताईला कुठे कळतंय. ते खोकं तिनं तिच्या हातांनी बांधलं होतं, म्हणून वर्षभर तिला माझ्याकडे वर मान करून बघवत नव्हतं.

ताईला कुठे कळतंय. तुला तारेचा तो कट्ट-कडकट्ट मोर्स कोणी शिकवला रे? टेबलावर चमचा आपटून आपटून माझी बोटं दुखायची. वायरलेसच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत नापास झालास तेव्हा गच्चीवर भोंगा पसरून बसला होतास, तुला खाली कोणी आणलं? त्या दिवशी मी ठरवलं, याचं नाक याच्याच हातानं कापायचं.

म्हणून मी महिन्याभरापूर्वीच्या सभेत उठले आणि गोड बोलले. इतकी गोड की भाऊजींना ठसका लागला. मी म्हटलं, यंदाच्या शर्यतीआधी रंगीत तालीम घेऊ. टॉवरखालची जागा सगळ्यात अवघड, तिथे आपल्या सचिवांसारखा जाणकार हवा, आणि त्यांनीच नावाजलेला हा सेट त्यांच्या हाती असावा, म्हणजे माझ्यासारख्यांना तो कसा वापरायचा ते कळेल. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण टॉवरखाली फर्स्टक्लास चालतो हे तूच छातीठोकपणे सांगितलेलं, आता नाही म्हणायला तुला तोंड होतं कुठे? मोबाईल खाली क्लबच्या खोलीत जमा करायचे हा तालमीचा नियमही तुझाच.

आज ती तालीम, तेव्हा आता तू हे पत्र टॉवरखाली कुठे बसून वाचतो आहेस ते मला ठाऊक आहे. तुझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत वरच ठेव म्हणून तुझ्या बायकोला सांगितलं होतं. सकाळपासून तू हाका मारून घसा कोरडा केला असशील. कंट्रोल, उत्तर द्या. कोणी ऐकतंय का. अरे, सगळे ऐकतोय. क्लबच्या खोलीत खुर्च्या कमी पडतील, दातांचे डॉक्टर आहेत, पोस्टातले आजोबा आहेत, तुझी बायको आहे, आणि मी स्वतः जाऊन, दारात उभी राहून, हात जोडून बेकरीवाल्याला बोलावलं आहे. आम्ही उत्तरही देतोय, फक्त तुला ते ऐकू येत नाही. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, कारण तू जिथे बसला आहेस तिथे तुझ्यापर्यंत दुसरं काही पोचत नाही. आता बटण दाब. सेट बहिरा आहे, मला ते आधीपासून माहीत होतं, आणि त्या दिवशी ताईनं काहीही चूक केली नाही, एवढं बेकरीवाल्याला उद्देशून बोल. तू जे बोलशील त्यावर तो काय म्हणतो, हे तुला तिथे कळायचं नाही. ते ऐकायला तुला टेकडी उतरून यावं लागेल, आणि त्याच्या समोर उभं राहावं लागेल. आज संध्याकाळची हजेरी मी घेणार आहे. तुझं नाव सगळ्यात शेवटी पुकारीन.

तुझीच,
ताई