तिसऱ्या बाकावरचा नवरा

अहो,

ओळखलंत का? चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी स्वारी तुमची, दोन वर्षांत बायकोलाही विसरला असाल. मी सुमन. लिहितेय आपली नातसून मृणाल. पुण्याची आहे, तुम्ही गेल्यावर घरात आली. मी सांगते, ती उतरवते. मधेच हसते, तेवढं सोडून द्या.

पत्र एवढ्याचसाठी, की गेले आठ महिने मी तुमच्याशी जे काही बोलले, ते तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

तुमच्या लेकाने, शेखरने, इथे चिचेस्टरला कालव्याकाठच्या बाकावर तुमच्या नावाची पितळी पट्टी लावली. पुलापासून तिसरा बाक. मला वाचता येत नाही, पण तीनपर्यंत मोजता येतं! दर गुरुवारी जायचं, बसायचं, बोलायचं. आठ महिन्यांपूर्वी पहिला मोडका बाक उचलून नेला, ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी आपली तीन मोजून बसत राहिले.

गेल्या गुरुवारी एक गोरी म्हातारी फुलं घेऊन आली. पट्टीवरून हात फिरवला नि म्हणाली, "माय हजबंड."

मी म्हटलं, "नो, नो. माय हजबंड!"

दोघी एका नवऱ्यावरून भांडायच्याच बेतात होतो. मग तिने पट्टी मोठ्याने वाचून दाखवली. आर्थर! तुमच्या घोरण्यापासून तुमच्या बहिणीपर्यंत सगळ्या तक्रारी त्या बिचाऱ्याने ऐकल्या. एक सांगू? तुमच्यापेक्षा शांतपणे ऐकतो.

तिने तुमचं नाव विचारलं. पन्नास वर्षांत कधी घेतलं नाही, ते तिच्यापुढे कशी घेऊ? "मिस्टर," एवढंच म्हटलं. मग ती शेजारच्या बाकाशी गेली, वाचायला लागली आणि अडखळली. तिथेच मी ओळखलं, हे आपले. तिने तुमचं नाव असं काही उच्चारलं की तुम्हीसुद्धा ओ दिली नसती.

ही गंमत मी मृणालला फोनवर सांगितली. तिने शेखरला सांगितली. त्याला काही हसू आलं नाही. शनिवारी मिल्टन कीन्सहून गाडी घेऊन हजर.

"आई, तुला बाबांचं नाव वाचता आलं नाही. उद्या औषधाची बाटली वाचता आली नाही तर? आमच्याकडे चल. हे घर विकू."

कागद घेऊनच आला होता. मी कुठे सही करायची, तिथे पेन्सिलीने फुलीही करून आणली होती.

शेखरच्या गावात तुम्ही राहिलात कधी? प्रत्येक चौक गोल आणि प्रत्येक गोल दुसऱ्यासारखा. दूध संपलं तरी कुणीतरी गाडी काढायला हवी. तिथे मला पाट्या वाचता येत नाहीत म्हणजे मला काहीच येत नाही. इथे चिचेस्टरमध्ये चार सरळ रस्ते, मधोमध ती बाजारातली कमानींची दगडी छत्री. कुठेही वळले तरी मान वर केली की चर्चचं टोक दिसतं. चीजवाला, भाजीवाला, केमिस्टची मुलगी, सगळे "मॉर्निंग, लव्ह" म्हणतात. मला वाचता येत नाही, हे यांतल्या एकालाही ठाऊक नाही!

फार कौतुक करत नाही हं. संध्याकाळी पाच वाजता गाव दार लावून घेतं. वीस वर्षं हसून बोलणारी शेजारीण एकदाही आत येऊन टेकली नाही. मराठी ऐकायचं तर मृणालची वाट बघायची. तुम्ही होतात तेव्हा आपण इल्फर्डच्या मराठी मंडळींत जाऊन गप्पांची तहान भागवायचो. आता ते नाही. पण चालतं.

तुमच्यावर एकच राग आहे. लग्नात म्हणाला होतात, "तुला अक्षरं शिकवीन." मग? दर वेळी "उद्या बघू". पाट्या तुम्ही वाचायच्या आणि मी मागून चालायचं. चाळीस वर्षं या गावात राहिले, पण गाव बघितलं ते तुम्ही गेल्यावर. जुन्या तटाची कुठली भिंत दुपारी ऊबदार असते, तुम्हाला माहीत होतं? नव्हतं. मला माहीत आहे.

शेखरने पेन पुढे केलं, तेव्हा मी दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हटलं, "मी एक बाक चुकले रे. घर नाही चुकले." त्याने पेनाला टोपण लावलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. फाडला नाही, हेही सांगते.

म्हणून तुम्हाला शब्द देते. जोवर दगडी छत्रीपर्यंत एकटी जाऊन परत येऊ शकते, तोवर इथून हलणार नाही. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मीच शेखरला फोन करीन. लपवणार नाही. आणि येत्या गुरुवारी तुमच्या बाकावर बसून आठ महिन्यांचं सगळं पहिल्यापासून सांगेन. कान तयार ठेवा!

तुमचीच,
सुमन

ता. क. मृणाल, हे शेखरलाही वाचून दाखव. तो दर आठवड्याला तयार भाकऱ्यांचा डबा पाठवायचं म्हणतोय. त्याला सांग, भाकऱ्या नकोत. ज्वारीचं पीठ पाठव, ताजं दळलेलं. थापायला मी आहे.