कुंडलच्या पारावरचा गोरा साहेब

मास्तर, परवा परदेशातल्या एका विद्यापीठात मी तुमच्या नाटकावर तासभर बोललो. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर त्या त्या देशांत उभी राहिलेली नाटकं, असा विषय होता. आफ्रिकेतली माणसं होती, वेस्ट इंडीजचा एक म्हातारा नट होता. स्वराज्य आलं त्या वर्षी कुंडलच्या पारावर झालेल्या प्रयोगाबद्दल सगळे कान देऊन ऐकत होते. मी त्यांना सगळं सांगितलं नाही.

शाळेत माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'हाय' निघालं की तुम्ही वर्गासमोर मला राखेनं जीभ घासायला लावायचात. पुढे मी पलटणीत गेलो, ब्रह्मदेशातून लढाई करून आलो, तेव्हा तुम्हीच आमच्या दारात आलात. नाटकात शेतकऱ्याला फोडून काढणारा साहेब हवाय, तू खरे साहेब पाहिलेत, म्हणालात. माझी छाती फुगली. पण तालमीत त्या गोऱ्या साहेबानंही तुमचीच शुद्ध मराठी बोलायची होती. मी अडखळलो की तुम्ही सगळ्यांदेखत विचारायचात, "राख आणू का?" शेतकरी तुम्ही स्वतः झालात आणि आमची बोली त्याला दिलीत.

प्रयोगाची दुपार. तुम्ही पाय ओढत पारावर येता, आणि ती चाल माझ्या बापाची आहे हे गाव लगेच ओळखतं. "आवं सायब, आमी अडानी हाय," तुम्ही नाकातून म्हणता. गाव हसतं. पुढे बसलेला माझा बापही आधी हसतो, मग मान खाली घालतो. माझ्या हातात चिंध्यांचा आसूड होता. तो मी टाकला आणि पाराला टेकवलेला, बैलांचा खरा आसूड उचलला. पहिल्या फटक्यात तुमचा सदरा फाटला. टाळ्या पडल्या. तिसऱ्याला तुम्ही माझे बूट धरलेत आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणालात, "पुरे रं गड्या, लय लागतंय."

"आता बराबर बोललासा, मास्तर," मी म्हणालो, आणि आणखी दोन हाणले.

मास्तरांनी काय काम केलं, असं गाव कितीतरी दिवस म्हणत राहिलं. तुम्ही कुणालाच खरं सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर ते कौतुक गेलं असतं. तुमचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. डाव्या हातानं फळ्यावर लिहिता येईना, म्हणून पोरं हसायची. शेवटी तुम्ही लोणंदला बदली मागून घेतलीत. तो साहेब मी गावोगाव केला, मग शहरांत केला. माझं नाव झालं ते त्यावरच. परवा तिथल्या एका मुलीनं विचारलं, शेतकरी झालेल्या नटाला हे सगळं चालत होतं का? ती कल्पना त्यांचीच होती, असं मी सांगितलं.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र तिला पाठवणार नाही. एकच राहिलं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी लोणंद स्टेशनात तुम्ही मला डब्यात डोळे मिटून बसलेलं पाहिलंत, पेरू घेऊन खिडकीशी आलात, दोनदा हाक मारलीत. मी झोपलो नव्हतो.