मागच्या खोलीतलं काम

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. फोनवर हे बोलणं मला जमणार नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लावून घे.

तू विचारलंस, मागच्या खोलीतला तुझा सर्व्हर अजून कामाचा आहे की भंगारात द्यावा. आधी त्याचंच उत्तर देतो. कामाचा नाही. ऑफिसने टाकून दिलेला तू उचलून आणलास, तेव्हाच तो म्हातारा होता. औषधांच्या संशोधनाचं मोठं गणित तुकडे करून घरोघरच्या कॉम्प्युटरवर फुकट सोडवून घेतात, त्यात आपलाही हातभार लागेल, कधीतरी आईच्या विसरण्यावर औषध निघेल, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. पण हा पठ्ठ्या म्हणजे खायला काळ अन् भुईला भार. त्याचा एक तुकडा सुटेपर्यंत मुदत उलटते, आणि कुणाच्या तरी वहीएवढ्या नव्या मशीनने तेच गणित कधीच सोडवून दिलेलं असतं. पंख्यांची घरघर आणि विजेचं बिल मात्र पुरेपूर.

तरी मी तो चालू ठेवला. का, ते तुला सांगितलं नव्हतं.

पंख्यांचा आवाज येतोय म्हणजे तू आत काम करतेयस, असं आई धरून चालते. दाराशी चहा ठेवते, मला गप्प बसवते. मध्यंतरी सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला आणि खोली शांत झाली. आई अनवाणी रस्त्यावर गेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागली, "आमची मुलगी पाहिलीत का?" मी हाताला धरून तिला घरी आणलं. जुन्या बाजारात हिंडून तो भाग मिळवला, बसवला. पंखे सुरू झाले तशी ती मला म्हणाली, "अहो मेकॅनिक, फार उपकार झाले. आता घरी जा. तुमची आई वाट बघत असेल."

तेव्हापासून मी मेकॅनिक. पगार नाही, सुट्टी नाही, पण मान आहे. भरवायला बसलो की म्हणते, मेकॅनिक असून हात किती स्वच्छ. मी हसतो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडतो. चिंगे, पन्नाशी उलटली माझी, पण आईने एकदा नावाने हाक मारावी असं फार वाटतं गं.

तू म्हणतेस, ती ओळखणार नाही, मग येऊन काय उपयोग? ओळखत नाही ती मला. तुझं नाव तर दिवसभर तिच्या तोंडी असतं.

परवापासून तिने जेवण सोडलंय. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. जाताना दाराबाहेर मला म्हणाल्या, "बहिणीला बोलावून घ्या." हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मी सर्व्हरचं पुराण लावत बसलो.

काल संध्याकाळी ती भिंतीचा आधार घेत मागच्या खोलीत गेली. मशीनवर हात ठेवला. "किती तापलंय पोरीचं अंग. मेकॅनिक, थांबवा हे काम. झोपू दे तिला." मी बंद केलं. ती पुन्हा रस्त्यावर धावेल अशी मला धास्ती होती. पण तिने स्वतःची शाल काढून मशीनवर पांघरली आणि माझ्यासमोर तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. उठली की मला सांगा."

आता ती अंथरुणावर पडून त्या दाराकडे बघत असते. थोड्या थोड्या वेळाने विचारते, उठली का?

तू ये. पुढच्या दाराने नको. मागचं दार उघडं ठेवलंय. तिथून आत शीर आणि त्या खोलीतून डोळे चोळत बाहेर ये. चहा मी ठेवीन.

आणि तिच्याजवळ बसलीस की एकदा सांग तिला, हा मेकॅनिक नाही, तुझा मुलगा आहे. तुझं ती ऐकेल.

तुझा,
दादा