पारा

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दिलेली अंगठी सोबत परत पाठवतेय. चिडू नकोस, पण दागिन्यांच्या दुकानात नोकरी करून सख्ख्या बहिणीलाच नकली सोनं? पांढरीफटक पडलीय बघ!

छकुली आता भिंत धरून उभी राहते. माझ्या गालाला नाक घासल्याशिवाय झोपत नाही. आणि हो, तुमची काळी मैना आता काळी राहिली नाही बरं का! पार्लरवालीकडून एक क्रीम घेते. बिननावाची डबी, वर नुसतं फुलाचं चित्र. सासूबाई म्हणाल्या, घरात जरा उजेड आला. ऐकून बरं वाटलं गं, खोटं कशाला बोलू? फक्त झोप उडालीय, तोंडाला सारखी लोखंडाची चव येते. हे म्हणतात, हल्ली तुझा पारा चढलेलाच असतो.

अंगठीपायी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, अंगठी अस्सल आहे. आमच्या कारागिरांनी ती हातात घेतली आणि विचारलं, हिला पारा कुठे लागला? पारा लागला की सोनं असं पांढरं पडतं म्हणे. मी हसले, बहिणीच्या घरी पारा कुठून येणार? मग तुझं पत्र पुन्हा वाचलं: बिननावाचं क्रीम, उडालेली झोप, तोंडातली लोखंडाची चव. तुझे हे थट्टेत बोलले, पण पारा खरंच चढलाय बाई, तुझ्या कातडीतून आत.

त्वचेच्या डॉक्टरांना विचारून आले. असल्या डब्यांत पारा सापडतो, म्हणाले. झोप जाते, हात कापतात, मूत्रपिंडं बिघडतात. आणि ते लेकरू तुझ्या गालाला नाक घासतं! डबी आजच्या आज घराबाहेर काढ, दोघींची तपासणी करून घे. मेली ती पार्लरवाली! तू काळी होतीस तेव्हा आम्ही काय तुला टाकून दिलं होतं?

माया आहे म्हणून ओरडते.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी त्याच दिवशी सासूबाईंच्या हातात दिली, कचऱ्यात टाका म्हटलं. छकुलीच्या अंगातही पारा निघाला. यापुढे तिला बोटभरही लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय.

माझा रंग परत येतोय. पण ताई, छकुली माझ्याकडे येत नाही. ती तान्ही असल्यापासून मी ते लावत होते, तिने मला तशीच पाहिलीय. आता जवळ घेतलं की माझ्या खांद्यावरून मागे बघत राहते, जशी काही तिची आई मागून येतेय. काल मीही वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मला फार भीती वाटते गं.

विसरू नकोस.
तुझी,
धाकटी

१० एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, लेकरू आहे ते. तिच्याशी बोलत राहा, आवाजाने ओळखेल. दम धर. चार दिवस रडली तरी चालेल, पण तिच्यासाठी म्हणून पुन्हा ते तोंडाला लावायचं नाही, माझी शपथ आहे.

तुझीच,
ताई

१९ एप्रिल

ताई,

शपथ मी पाळली.

आज दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर छकुली खळखळून हसत होती. सासूबाईंच्या कडेवर होती, त्यांच्या गालाला नाक घासत. त्यांचा चेहरा उजळ दिसत होता आणि खोलीभर त्या क्रीमचा वास होता. मी विचारलं तर म्हणाल्या, पोर आईसाठी झुरत होतं, म्हणून मी जरासं लावते. म्हणजे हे रोजचंच आहे.

मी छकुलीला ओढून घेतलं. तर तिने त्यांच्याकडे हात पसरले आणि त्यांना आई म्हणाली. ताई, तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मी तिला घेऊन निघतेय. हे पत्र माझ्याआधी पोहोचलं तर दार उघडं ठेव. आताही ती माझ्या हातातून सुटायला धडपडतेय, किंचाळतेय. वाटेत लोक विचारतील, ही बाई कुणाचं पोर पळवून नेतेय? मी माझंच म्हणेन. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

तुझी,
धाकटी